ज्याची तक्रार, त्याचं काम

ता. ६ नोव्हेंबर

चिरंजीव भावजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या संस्थेनं पाठवलेलं सामान काल दुपारी पोचलं. मोजून घेतलं ते असं: चटया बारा, वाट्या चोवीस (पैकी एकीला पोचा आहे, पण गळत नाही), बाळं तोलायचा काटा एक, साबणाच्या वड्या साठ, पत्र्याचा लांबलचक फलक एक, आणि कुलूप लावलेली लाल लोखंडी पेटी एक. हातगाडीवाल्याला बारा दिले. तो पंधरा मागत होता, मी आठपासून सुरुवात केली. हमालाचे आणखी सहा झाले, कारण खोकी प्रार्थनाघराच्या दारातून आत जाईनात. दाराची उजवी फळी अजून फरशीला धरते, अर्धंच दार उघडतं. शेवटी ओट्यावर खोकी फोडली आणि एकेक जिन्नस आत नेला. खोक्यांच्या फळ्या ह्यांनी रचून ठेवल्यात आणि वाकडे खिळे सरळ करायचं काम चालू आहे.

तुम्ही आमचा अर्ज पुढे सरकवलात म्हणून हे सगळं आलं. पण इथलं पाळणाघर तुम्ही फक्त कागदावर पाहिलंय, म्हणून चार ओळी लिहिते. आपल्या गल्लीतल्या बाया पहाटे घाऊक बाजारात माल निवडायला जातात हे तुम्हाला माहीत आहेच. तान्ही पोरं तिथेच गोणपाटावर पडलेली असायची. पाच वर्षांपूर्वी एक पोर रांगत रांगत गेलं ते मालाच्या उभ्या गाडीच्या चाकापाशी सापडलं. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या मावशीनं बाजारात जाऊन सहा पोरं उचलून स्वतःच्या खोलीत आणली आणि म्हणाली, "संध्याकाळी घेऊन जा." तिला स्वतःला ना मूल, ना अक्षरओळख. पण रडतं पोर तिच्या खांद्यावर गेलं की गप्प होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही त्या खांद्यावर लाळ गाळलेली आहे. पुढे पोरं वाढली तेव्हा प्रार्थनाघर चालवणाऱ्या थोरल्या बाबांनी तिथली मागची खोली दिली. आता सतरा मुलं आहेत. प्रार्थनेला येणाऱ्या आम्ही बाया पाळीपाळीनं मावशीच्या हाताखाली राबतो. हजेरीची वही माझ्याकडे, कारण मॅट्रिक झालेली मीच एक.

आता दोन शंका. फलकावर तुमच्या संस्थेचं नाव एवढं मोठं आहे की पाळणाघराचं नाव लिहायला जागाच उरलेली नाही, आणि फलक भिंतीपेक्षा वीतभर लांब आहे. सध्या तो विटांवर तिरका ठेवलाय. ह्यांनी कडांना लाकडी पट्ट्या मारून दिल्या, पोरं त्यावरून घसरतात. अजून कुणाला लागलेलं नाही. दुसरी शंका त्या लाल पेटीची. तिच्यावर 'तक्रार पेटी' लिहिलंय. एखाद्या कचेरीची चुकून आमच्याकडे आली का?

ह्यांनी तुमच्याबद्दल काही विचारलं नाही. पाकिटावरचा तुमचा पत्ता मात्र दोनदा वाचला, आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

तुमची वहिनी


ता. १९ नोव्हेंबर

ती. वहिनींना धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

पत्र कचेरीत वाचलं आणि एकटाच हसत बसलो. शेजारचा कारकून विचारत होता, पगार वाढला का?

फलकाची घसरगुंडी झाली हे मी साहेबांना सांगू शकत नाही. फलक भिंतीवर असल्याचा फोटो फाइलला लागतो. तेवढा काढून पाठवा, मग तुम्ही जाणे आणि पोरं जाणोत.

पेटी चुकून आलेली नाही. ती आमच्या सगळ्या केंद्रांना जाते. मदत घेणारा माणूस मिंधा असतो, तोंडानं बोलत नाही. म्हणून त्यानं चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं, नाव लिहायचं नाही. महिनाअखेरीस तीन साक्षीदारांसमोर पेटी उघडायची आणि चिठ्ठ्या आमच्याकडे पाठवायच्या. साहेब म्हणतात, ज्या केंद्रातून तक्रारी येतात ते केंद्र जिवंत. तेव्हा पेटी दाराजवळ टांगा आणि सगळ्यांना समजावून सांगा.

दारावरून आठवलं. नऊ वर्षं झाली, अजून अर्धंच? घरात एवढा नामी सुतार असताना? दार म्हणायचं की खिडकी? हे वाक्य दादाला वाचून दाखवलं नाहीत तरी चालेल.

मावशीला माझा नमस्कार सांगा. लाळेबद्दल माफी.

तुमचा धाकटा


ता. २ जानेवारी

चिरंजीव भावजींना आशीर्वाद.

पेटी दोनदा उघडली. साक्षीदार थोरले बाबा, मावशी आणि शिंपी. शिंपी म्हणजे तोच, ज्याला तुम्ही पोरं 'किरकिरे' म्हणायचात. अजूनही तेच नाव आहे आणि अजूनही शोभतं. पहिल्या महिन्यात पेटीत निघालं ते असं: चमचा एक, अर्धं बिस्कीट एक, शर्टाचं बटन एक. बटन किरकिऱ्यांनी ओळखून खिशात टाकलं. दुसऱ्या महिन्यात एका बाळाचा मोजा निघाला. तो आठ दिवस आम्ही सगळीकडे शोधत होतो. तक्रार दोन्ही वेळा एकही नाही. देवाची कृपा, दुसरं काय!

फोटो सोबत आहे. चार बायांनी फलक भिंतीला टेकवून धरला, फोटो निघाला, फलक परत विटांवर गेला. डाव्या कोपऱ्यात एक पोर गळा काढून रडताना दिसतंय, ते घसरगुंडी उचलली म्हणून. साहेबांनी विचारलं तर दात येताहेत म्हणून सांगा. खोटंही नाही, येताहेत.

तुमचं ते वाक्य मी वाचून दाखवलं नाही. पत्र शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर घडी उलटी होती. तेव्हापासून हे दारावर काही बोलत नाहीत. तसे ते आधीही बोलत नव्हते.

तुमची वहिनी


ता. १० जानेवारी

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

हे पत्र हसण्यासारखं नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तुमच्या पेटीतून दोन महिने एकही चिठ्ठी आली नाही, हे काल बैठकीत निघालं. साहेब म्हणाले, "सतरा घरांची मुलं सांभाळायची आणि एकाचीही तक्रार नाही? याचा अर्थ लोक घाबरून आहेत. प्रार्थनाघराची चार माणसं सगळं दाबून ठेवतात." मी बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी विचारलं, "तुमचे कोण लागतात तिथे?" मी गप्प बसलो.

ठरलं ते असं. फेब्रुवारीपर्यंत असंच राहिलं, तर एप्रिलपासून पाळणाघर संस्था स्वतः चालवणार. हमरस्त्यावर आमची इमारत आहे, तिथे ते हलवणार. व्यवस्थापक इथून जाईल. आणि मुलं सांभाळणारी बाई शिकलेली हवी, म्हणजे मावशीला काढणार. तुमच्या बायांना पहाटे पोर कडेवर घेऊन तासभर उलट दिशेला चालावं लागेल, हेही मी म्हणालो. ते टिपणात आलं नाही.

वहिनी, खरं सांगा. लोक तुम्हाला घाबरतात का? रागावू नका, पण तुमचा आवाज मी सात वर्षं ऐकलेला आहे. आणि एक कबुली देतो. पेटीची कल्पना माझीच. मी लहानपणापासून तोंडानं बोलून पस्तावलेला माणूस. मला वाटलं, लिहून टाकता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझीही एक तक्रार लिहून ठेवतो. तुमच्या पत्रात चमच्याची, मोज्याची, बटनाची सगळी खबर असते. दादा कसा आहे, हे एका ओळीत कधी नसतं.

तुमचा धाकटा


ता. २१ जानेवारी

चिरंजीव भावजींना आशीर्वाद.

पत्र वाचून आधी देवापुढे बसले, मग रागावले. क्रम उलटा झाला असता तर हे पत्र वेगळं झालं असतं.

भावजी, लोक मला घाबरत नाहीत. कामाला घाबरतात. थोरल्या बाबांचा नियम तुम्ही विसरलात की काय? "देव ज्याच्या डोळ्याला खोट दाखवतो, त्याच्याच हातानं ती दुरुस्त करून घेतो." ज्याची तक्रार, त्याचं काम. आपल्या प्रार्थनाघरात गेली तीस वर्षं हेच चालतं. मी एकदा म्हणाले की लोक सभेला वेळेवर येत नाहीत, तेव्हापासून घंटा माझ्याकडे. किरकिरे एकदा म्हणाले की ओट्यावर कचरा असतो, तेव्हापासून झाडू त्यांच्याकडे. अशा गल्लीत तुम्ही तक्रारीची पेटी टांगलीत! लोक तिच्याकडे सापाच्या बिळाकडे पाहावं तसं पाहतात. जाताना अंग चोरून जातात, चुकून हात लागायला नको. नाव न लिहून काय होणार? इथे लिहिता येणारी माणसं सहा. अक्षर कुणाचं हे पोरंसुद्धा सांगतील.

रविवारी प्रार्थनेनंतर मी तुमचं पत्र सभेत वाचून दाखवलं. तुमच्या आवाजाच्या शेऱ्यासकट. त्यावर लोक नको तितके हसले. पण मावशीला काढणार हे वाचलं आणि हसणं थांबलं. मावशी पोराला थोपटत बसली होती, ती थोपटतच राहिली. म्हणाली, "मला वाचता येत नाही हे खरंच आहे की. त्यात त्यांचं काय चुकलं?"

मी मनात देवाला हात जोडले. जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे तक्रारी मागितल्या. तेवढ्यात किरकिरे उठले. घसा खाकरून म्हणाले, "माझी तक्रार आहे. दुपारी पोरं अशी रडतात की माझ्या मशीनवरचा धागा तुटतो." सगळी सभा त्यांच्याकडे बघायला लागली. थोरले बाबा म्हणाले, "मग?" किरकिरे म्हणाले, "मग काय, दुपारचा तास माझ्याकडे. लिहा."

एकदा बांध फुटल्यावर काय होतं! हमाल म्हणाला, त्याच्या मुलीची वाटी रोज बदलते. चोवीस वाट्यांवर खुणा करायचं काम त्याला. एक बाई म्हणाली, चटयांना वास येतो. गुरुवारचं धुणं तिच्याकडे. एक तरुण आई उभी राहिली आणि रडवेली होऊन म्हणाली, "माझा मुलगा माझ्यापेक्षा मावशीकडे जास्त जातो." यावर काय काम द्यायचं? थोरल्या बाबांनी तिला खाली बसवलं. मग म्हणाले, "बाजारातून आलीस की पोर उचलून पळत जाऊ नकोस. अर्धा तास इथेच त्याच्याशी खेळत बस. एवढंच तुझं काम." शेवटी मावशी उठली. "मला वाचता येत नाही, ही माझी तक्रार माझ्यावरच." तिचं काम तिला, आणि तिला शिकवायचं काम मला, कारण मी मध्येच म्हणाले होते की हे पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. माझं तोंड!

एकूण तक्रारी एकतीस. सगळ्या आधी पेटीत टाकल्या आणि मग काढल्या, रिवाज म्हणून. बावीस माझ्या अक्षरात आहेत, पण शब्द ज्याचे त्याचे. सोबत पाठवत आहे. आता तुमच्या साहेबांना म्हणावं, घ्या, केंद्र जिवंत आहे.

दादा बरे आहेत.

तुमची वहिनी


ता. ४ फेब्रुवारी

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

एकतीस चिठ्ठ्या मिळाल्या. साहेबांना मिळाल्या, हे जास्त वाईट. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "सतरा मुलं आणि एकतीस तक्रारी? मुलागणिक दोन पडतात! कारभार पार बिघडलेला दिसतो." आधी तक्रार नाही म्हणून फाशी, आता आहे म्हणून फाशी. त्यांनी तपासनीस बाईंना पाठवायचं ठरवलंय. वीस तारखेला येतील. बाई कडक आहेत, पण सरळ आहेत. त्या जे लिहितील तेच होईल.

मी नियम विसरलो नव्हतो. तो अजून चालत असेल असं वाटलं नव्हतं. मला दिलेलं काम टाकून मी निघून आलो, त्याच दिवशी तो मोडला, असंच धरून चाललो होतो. एकानं मोडल्यावर बाकीचे कशाला पाळतील?

कृपा करून बाईंना हे नियमाचं प्रकरण सांगू नका. 'तक्रार करणाऱ्याला शिक्षा म्हणून राबवतात' एवढंच त्या लिहितील. नीट हसून बोला. फलक भिंतीवर ठेवा. हमालाला पुढे करू नका, तो फार खरं बोलतो.

'दादा बरे आहेत' याला एक ओळ म्हणतात हे खरं. पण वहिनी, ही ओळ तर अनोळखी माणसालाही लिहितात.

तुमचा धाकटा


ता. २३ फेब्रुवारी

चिरंजीव भावजींना आशीर्वाद.

तुम्ही सांगितलंत त्यातलं एकही मला जमलं नाही. आधीच सांगून टाकते.

बाई सकाळी नवाला आल्या. अंगानं जरा भरलेल्या. अर्ध्या दारातून तिरक्या होऊन आत यायला लागल्या, तर पिशवी अडकली. म्हणाल्या, "हे दार कुणी दुरुस्त करत नाही का?" सगळे वर छताकडे बघायला लागले. थोरले बाबा शांतपणे म्हणाले, "ही तक्रार आधीच देऊन झालीय, बाई. दुसरी असेल तर सांगा." बाईंना काही कळलं नाही. मी विषय बदलायला पाण्याचा तांब्या पुढे केला.

आत आल्यावर पहिलं पोर सर्रकन घसरत त्यांच्या पायाशी आलं. बाईंनी फलक पाहिला. वाकून संस्थेचं नाव वाचलं. म्हणाल्या, "फोटोत भिंतीवर होता ना?" मी म्हणाले, "फोटोपुरता होता." खोटं बोलायला जीभ वळली नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि एकेक वाचून विचारायला लागल्या, "याचं काय झालं?" चटयांचं विचारलं, तर चटया दोरीवर वाळत होत्या. वाट्यांचं विचारलं, तर हमालानं चोवीस वाट्या मांडून दाखवल्या. प्रत्येकीवर निराळं चित्र आहे: पान, मासा, किल्ली. एका वाटीवर काय आहे ते त्यालाही सांगता येत नाही, पण ज्याची आहे ते पोर तिला बरोबर ओळखतं. धाग्याचं विचारलं, तर किरकिऱ्यांनी मशीनच उचलून पाळणाघराच्या खिडकीशी आणलंय. त्या खडखडाटात पोरं ढिम्म झोपतात. ते आता कुरकुरतात की मशीन थांबवलं की पोरं उठतात, म्हणून जेवायला जाता येत नाही. मी त्यांना हळूच म्हणाले, "हे मोठ्यानं बोलू नका, आणखी काम मिळेल."

मग बाईंनी मावशीला विचारलं, "तुम्हाला काटा वाचता येतो?" मावशीनं पोर काट्यात ठेवलं, आकड्यांवरून बोट फिरवत गेली आणि म्हणाली, "आठ. आणि वर अर्धा." बरोबर होतं. मला बाराखडी शिकवताना जेवढा आनंद झाला नाही तेवढा त्या अर्ध्यानं झाला.

बाई माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना म्हणाल्या, "मग यांना घाबरून तुम्ही तक्रार करत नव्हतात, असं नाही तर?" यावर तुमच्या हमालानं तोंड उघडलंच. "यांना कोण घाबरतंय? तक्रार केली की काम गळ्यात पडतं हो!" आणि सगळा नियम अथपासून इतिपर्यंत सांगून टाकला. मी पदर तोंडाशी धरून उभी. बाई आधी गंभीर झाल्या. मग हसायला लागल्या त्या थांबेनात. डोळे पुसत म्हणाल्या, "माझी एक तक्रार आहे. वजनं एका ओळीत लिहिलीत, पोर वाढतंय की घटतंय ते दिसत नाही." बोलल्या मात्र, आणि सगळ्यांच्या नजरा थोरल्या बाबांकडे! थोरल्या बाबांनी जुन्या कॅलेंडरची मागची कोरी पानं त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी चपला काढल्या आणि तीन तास जमिनीवर बसून सतरा मुलांचे सतरा तक्ते आखले. दुपारची गाडी चुकली. संध्याकाळच्या गाडीत मीच बसवून दिलं.

जाण्याआधी त्यांनी आमची कामवही मागितली. ज्यात कुणाची तक्रार आणि कुणाला काय काम हे लिहिलेलं असतं ती. पहिल्यापासून सगळी चाळली. एका जुन्या पानावर बोट ठेवून ह्यांना काहीतरी विचारलं. ह्यांनी उत्तर दिलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

बाई काय लिहिणार ते बोलल्या नाहीत. मावशी रोज विचारते, "आलं का काही?" मी म्हणते, देवावर भार टाक. ती म्हणते, "टाकलाय, पण तो पोरांसारखा रात्री झोपू देत नाही." तुम्हाला कळलं तर लगेच लिहा.

तुमची वहिनी


ता. ८ मार्च

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

आधी मावशीला हाक मारा, मग पुढचं वाचा.

पाळणाघर आहे तिथेच राहणार. मावशी राहणार. व्यवस्थापक येणार नाही. बाईंच्या अहवालात शेवटचं वाक्य असं आहे: "या केंद्रात व्यवस्थापक नेमल्यास त्याला करायला काम उरणार नाही, कारण सगळी कामं आधीच वाटली गेली आहेत." संस्था चटया, साबण पाठवत राहील, कारभार तुमचाच. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि भर बैठकीत म्हणाले, "हा नियम आपल्या कचेरीत लावून पाहिला तर?" वहिनी, कचेरीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तीन वर्षं ज्या पंख्याबद्दल सगळे रोज ओरडतात, त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. शेवटी मीच म्हणालो, "पंखा फिरत नाही." खुर्चीवर चढलो, पाती पुसली, तेल घातलं. फिरतो.

आणि बैठकीत साहेबांनी पुन्हा विचारलं, "तुमचे कोण लागतात तिथे?" या वेळी मी सांगितलं.

आता माझं कोडं. बाई परत आल्या तेव्हा माझ्या टेबलाशी थांबल्या. मला म्हणाल्या, "सुताराचे धाकटे भाऊ तुम्हीच ना? तुमचं काम बाकी आहे." आणि हसत निघून गेल्या. मी फाइली पाहिल्या, सगळी कामं झालेली आहेत. बाईंना काय म्हणायचं होतं? तुम्ही ते 'पुन्हा कधीतरी' म्हणालात, ते आता सांगा.

तुमचा धाकटा


ता. १५ मार्च

चिरंजीव भावजींना आशीर्वाद.

पत्र पोचलं. तिकीट कमी लावलं होतंत, दोन दंड भरला. बातमी एवढी गोड की हूं की चूं केलं नाही. मावशीला तुमचं पत्र हातात दिलं. तिनं स्वतःचं नाव त्यात शोधून काढलं, दोन ठिकाणी सापडलं. प्रत्येकावर बोट टेकवलं. मग गेली पोरांकडे, कामाची वेळ झाली होती.

आता तुमच्या कोड्याचं. कामवहीच्या त्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: "प्रार्थनाघराचं दार अडतं. तक्रार: सुताराचा धाकटा भाऊ. काम: त्याचंच." खाली 'झालं' असं लिहिलेलं नाही. सगळ्या वहीत तेवढी एकच जागा कोरी आहे.

तुम्हाला आठवत असेलच. दार ह्यांनी मन लावून केलेलं. तुम्ही वीस वर्षांचे, भर सभेत उठून म्हणालात, "दादानं केलेलं दार अडतं." थोरल्या बाबांनी रंधा तुमच्या हातात दिला. घरी आल्यावर हे म्हणाले, "माझ्या दाराला हात लावायचा नाही." तुम्ही रंधा ओट्यावर ठेवलात आणि निघून गेलात. तुम्हाला वाटतं तुम्ही नियम मोडलात. तसं नाही झालं. दिलेलं काम दुसऱ्याला देता येत नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग. नऊ वर्षांत दोन सुतार दार नीट करून देतो म्हणून आले, एक तर फुकट. ह्यांनी दोघांनाही परत पाठवलं. बाईंनी त्या पानावर बोट ठेवून विचारलं, "तुम्ही स्वतः सुतार आहात, मग तुम्हीच का नाही केलंत?" हे म्हणाले, "ज्याचं काम त्याचं. येईल तो." एवढंच. माझ्या दाराला हात लावू नको म्हणणारे हेच, आणि नऊ वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू न देणारेही हेच. म्हणून आम्ही सगळे तिरके होऊन देवापुढे जातो. कुणी तक्रार केली नाही. म्हणजे, ती तुमची होती ना.

परवाच्या सभेत तुमची सगळी पत्रं वाचली. त्यात तुमच्या आणखी दोन तक्रारी निघाल्या. पहिली, लोक वहिनीला घाबरतात का. थोरले बाबा म्हणाले, त्याची चौकशी ज्याची त्यानं इथे येऊन करावी. दुसरी, वहिनी दादाची खबर लिहीत नाही. ती वाचल्यावर मी मान खाली घातली. निकाल असा झाला की यापुढे दादाची खबर तुम्ही स्वतः घ्यायची, समोर बसून. दाराच्या कामाखाली हीही दोन वहीत चढवली आहेत. टाकता येणार नाहीत.

पण एकदा तरी लिहायला हवं म्हणून लिहिते. ह्यांचे केस पांढरे झाले. गुडघा उठताना वाजतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्या वाटणीच्या रंध्याला धार लावतात. मला सांगतात, गंज चढू नये म्हणून.

या पत्रात मी काय लिहितेय ते विचारलं नाही, पण कागद ओढून घेतला आणि खाली स्वतः लिहिलं ते असं:

"तेव्हा तू बरोबर होतास. तळाशी दोन सूत जास्त ठेवलं होतं मी. रंधा इथेच आहे. फळी उचलायला दोघं लागतात. दादा."

सुट्टी साहेबांकडून मागून घ्या, पंखा दाखवून. कोणत्या तारखेला आणि कोणत्या गाडीनं येता ते उलट टपाली कळवा. कार्ड पुरे, पाकीट नको.

तुमची वहिनी